वायर गार, प्लग गरम: रोध आणि उष्णतेचा हिशेब घरच्या घरी कसा मांडायचा

गिझर अर्धा तास चालवा, बटण बंद करा, प्लग ओढून काढा आणि त्याच्या पिना बोटाने चाचपून पाहा. काही घरांत त्या कोमट लागतात, काही घरांत चटका बसतो. गिझर दोन्हीकडे २००० वॅटचाच, वीज २३० व्होल्टचीच, भिंतीतली वायरही एकाच जाडीची. चटका बसतो त्या घरात पिन आणि सॉकेटच्या पत्तीमध्ये थोडासा जास्तीचा रोध शिरलेला असतो. तो इतका कमी असतो की साध्या मल्टीमीटरवर नीट दिसतही नाही. सॉकेट काळे पाडायला मात्र तो पुरतो.

अशा वेळी एमसीबी (आपोआप बंद होणारा सुरक्षा स्विच) पडत नाही, आणि ही गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. एमसीबी मर्यादेपेक्षा जास्त करंटला पडतो, आणि सैल जोडातून करंट वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. गळती शोधणारे उपकरणही गप्प राहते, कारण करंट जमिनीत कुठेच जात नाही. म्हणजे डीबीतली, घरातल्या वीजवाटपाच्या पेटीतली, सगळी संरक्षणे शाबूत असताना प्लग वितळू शकतो. तो वितळण्याआधी ओळखायचा असेल तर थोडा हिशेब यायला हवा. दहावीपर्यंतच्या गणितात तो सहज बसतो.

आधी नियम

सॅलफर्ड हे इंग्लंडमध्ये मँचेस्टरला लागून असलेले गाव. तिथला जेम्स प्रेस्कॉट ज्यूल हा बिअर बनवणाऱ्या घराण्यातला मुलगा. वयाच्या बाविसाव्या वर्षी, १८४१ साली, त्याने तारेतून निघणाऱ्या उष्णतेवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. काचेच्या नळीवर तार गुंडाळायची, ती पाण्यात बुडवायची, ठरावीक वेळ करंट सोडायचा आणि पाणी किती तापले ते थर्मामीटरने पाहायचे. वेगवेगळ्या तारा लावून त्याने जे काढले ते असे: उष्णता रोधाच्या प्रमाणात वाढते आणि करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. रशियात सेंट पीटर्सबर्गला भौतिकशास्त्रज्ञ लेंझ यांनीही स्वतंत्रपणे हेच दाखवून दिले.

उष्णता (ज्यूल) = करंट × करंट × रोध × वेळ (सेकंद)

वेळ बाजूला ठेवली की उरतात ते वॅट: करंट × करंट × रोध. पुढचा सगळा हिशेब या एका ओळीवर चालतो. करंट दोनदा येतो हे लक्षात ठेवा. करंट दुप्पट झाला की त्याच वायरीत उष्णता चौपट होते, तिप्पट झाला की नऊपट.

असे का होते? धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन पुढे सरकताना अणूंच्या थरथरत्या जाळ्यात अडखळतात आणि आपली ऊर्जा त्या जाळ्याला देऊन बसतात. जाळ्याची थरथर वाढते, आणि तीच आपल्या हाताला उष्णता म्हणून लागते. जितके अडखळणे जास्त तितका रोध जास्त.

रोध वाढला की उष्णता वाढते की कमी होते?

इथे विद्यार्थीही अडकतात आणि अनुभवी वायरमनही. सूत्र म्हणते रोध वाढला की उष्णता वाढते. पण २००० वॅटच्या गिझरचा रोध काढला तर साधारण २६ ओहम येतो, आणि १००० वॅटच्या इस्त्रीचा ५३ ओहम. जास्त तापणाऱ्याचा रोध कमी!

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. प्रश्न एवढाच विचारायचा: इथे कायम काय आहे, व्होल्ट की करंट?

उपकरण थेट २३० व्होल्टवर बसलेले असते. व्होल्ट ठरलेले, म्हणून रोध कमी केला की करंट वाढतो. करंटचा परिणाम वर्गाने होत असल्यामुळे एकूण उष्णताही वाढते. उपकरणासाठी सोपे सूत्र असे: वॅट = व्होल्ट × व्होल्ट ÷ रोध.

वायर, प्लग, स्विच, जोड यांचे तसे नाही. ते उपकरणाच्या एकसरीत, म्हणजे करंटच्या त्याच वाटेत एकामागून एक, बसलेले असतात. त्यांच्यातून किती करंट जायचा हे उपकरण ठरवते. करंट ठरलेला, म्हणून ज्याचा रोध जास्त तोच जास्त तापणार.

पिवळ्या बल्बच्या जमान्यातला एक प्रयोग यासाठी फार बोलका आहे. ६० आणि १०० वॅटचे बल्ब नेहमीसारखे वेगवेगळे लावले तर १०० चा जास्त उजळतो. तेच एकसरीत, एकामागून एक, जोडले तर ६० चा जास्त उजळतो. पूर्ण उजेडात ६० वॅटच्या बल्बचा रोध साधारण ८८० ओहम, १०० च्या बल्बचा ५३०. एकसरीत दोघांतून करंट एकच, मग ज्याचा रोध मोठा तो जास्त वॅट खातो. मुलांना हा धडा शिकवताना सूत्र लिहून देण्याआधी हा प्रयोग करून दाखवावा असे मला मनापासून वाटते. वायरिंग शिक्षकाने आधीच उघडे न ठेवता बंद पेटीत करून ठेवलेले असावे, कारण व्होल्ट २३० च आहेत.

कॉइलच्या शेगडीत दोन्ही बाजू एकत्र भेटतात. कॉइल तुटली की अनेक घरांत तुटलेली टोके पिळून पुन्हा जोडतात. समजा १००० वॅटच्या कॉइलचा दहावा भाग त्यात गेला. रोध ५३ वरून ४८ ओहमच्या खाली आला, करंट वाढला, शेगडी ११०० वॅटच्या पुढे गेली, आणि ही वाढलेली उष्णता आता आखूड तारेवर पडते. दर सेंटिमीटरला ताप जवळजवळ पावपट जास्त. शिवाय पिळलेल्या जागी सैल जोड, म्हणजे करंटच्या वाटेत आणखी एक तापणारा ठिपका. अशी कॉइल पुन्हा लवकर तुटते ती याच दोन कारणांनी. ती बदलावी, पिळू नये.

पहिली पायरी: करंट काढा

उपकरणाच्या पाटीवरचे वॅट घ्या आणि २३० ने भागा. गिझर २००० वॅट म्हणजे ८.७ अँपिअर. किटली १५०० वॅट म्हणजे ६.५. इस्त्री १००० वॅट म्हणजे ४.३. तापणाऱ्या उपकरणांना हे अगदी बरोबर लागू पडते. पंखा, फ्रिज, मोटार यांचा खरा करंट यापेक्षा थोडा जास्त असतो, म्हणून तिथे पाटीवर अँपिअर दिले असतील तर तेच घ्या.

दुसरी पायरी: वायरचा रोध काढा

एक मीटर लांब आणि १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध साधारण ०.०१७५ ओहम असतो. एवढा एक आकडा पाठ करा. लांबीने गुणायचे, छेदाने भागायचे. जायला एक तार आणि यायला एक, म्हणून लांबी दुप्पट धरायची. हे दुप्पट करायचे बहुतेक जण विसरतात.

आपल्याकडे वायर दुकानात ‘दीडची’, ‘अडीचची’, ‘चारची’ म्हणून मिळते. तो आकडा म्हणजेच चौरस मिलिमीटर. डीबीपासून बाथरूमपर्यंत १५ मीटर अडीचची वायर असेल तर ३० × ०.०१७५ ÷ २.५ म्हणजे ०.२१ ओहम. ॲल्युमिनियमची असेल तर याच्या दीडपटीहून थोडे जास्त धरा. जुन्या इमारतींत ती अजून सापडते.

जाडी मोजताना व्यास आणि छेद यांची गल्लत होऊ देऊ नका. व्यास अर्धा झाला की छेद पाव होतो आणि रोध चौपट. ‘जरा बारीक आहे, चालेल’ म्हणून लावलेली वायर डोळ्याला वाटते त्यापेक्षा बरीच जास्त तापते.

तिसरी पायरी: वायरीतली उष्णता, दर मीटरला

गिझरच्या ८.७ अँपिअरला दोन तारांच्या वायरीत दर मीटरला किती वॅट उष्णता होते ते असे: चारच्या वायरीत सुमारे ०.७, अडीचच्या १.१, दीडच्या १.८, आणि ०.७५ च्या बारीक केबलमध्ये ३.५.

एकूण आकड्याने फारसे कळत नाही. कळते ते ही उष्णता किती लांबीवर पसरली आहे आणि तिला बाहेर पडायला वाट आहे की नाही यावरून. अडीचची वायर दर मीटरला एक वॅट भिंतीला सहज देऊन टाकते, म्हणून ती गार लागते. पण ०.७५ च्या केबलचा १० मीटरचा एक्स्टेन्शन बोर्ड घ्या. त्यावर २००० वॅटचा हीटर लावला की केबलमध्ये ३५ वॅट उष्णता होते. केबल जमिनीवर मोकळी पसरलेली असेल तर ती गरम होईल, पण तेवढ्यावर निभावेल. तीच रीळावर गुंडाळलेली राहिली तर सगळे ३५ वॅट मुठीएवढ्या गुंडाळीत अडकतात, आतल्या वेढ्यांना हवाच मिळत नाही आणि आवरण मऊ होऊन एकमेकांना चिकटते. लग्नाच्या मांडवात, गणपतीच्या मंडपात रीळ अर्धे गुंडाळलेलेच ठेवून हॅलोजन लावतात, तिथे हाच धोका असतो. जड लोड लावायचा तर रीळ पूर्ण सोडायचे. सतरंजीखालून, गादीखालून वायर न्यायची नाही तीही याचसाठी.

साध्या पीव्हीसी आवरणाच्या वायरीला सतत ७० अंश सेल्सिअस ही मर्यादा धरतात. तांबे २० अंशांवरून ७० वर गेले की त्याचा रोध स्वतःच सुमारे २० टक्क्यांनी वाढतो, म्हणजे तापलेली वायर आणखी थोडी तापते. चांगल्या वायरिंगमध्ये हे एका ठिकाणी येऊन थांबते. जोडात मात्र थांबेलच असे नाही.

चौथी पायरी: जोड

माझ्या मते घरातल्या वायरिंगचा विचार इथून सुरू व्हायला हवा, आणि होतो शेवटी. वायर कंपनीत तपासून आलेली असते. जोड आपण करतो.

धातूवर धातू दाबला तरी दोन्ही पृष्ठभाग पूर्ण टेकत नाहीत. सूक्ष्म उंचवटे तेवढे टेकतात आणि सगळा करंट त्या थोड्या ठिपक्यांतून जातो. दाब कमी झाला की ठिपके कमी होतात, रोध वाढतो. त्यावर गंज, धूळ, तेलकट वाफ बसली की आणखी वाढतो. आता गिझरचा करंट धरून हिशेब पाहा. जोडाचा रोध ०.००५ ओहम असेल तर ०.४ वॅट. ०.०५ असेल तर ३.८ वॅट, हाताला कळण्याइतके. ०.५ असेल तर ३८ वॅट.

रेडिओ दुरुस्तीवाल्याची साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते आणि ती शिसे वितळवते. त्याहून जास्त ताप प्लगच्या आत, शेंगदाण्याएवढ्या जागेत, कोंडला जातो. तिकडे गिझरला मात्र २००० ऐवजी १९२५ वॅटच्या आसपास मिळतात. पाणी तापायला मिनिटभर जास्त लागते, ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

पुढे हे आपोआप बिघडत जाते. तापून सॉकेटच्या पितळी पत्तीचा ताण जातो, पकड सैल होते. गरम धातूवर ऑक्साइड लवकर बसते. रोध वाढतो, ताप वाढतो, पत्ती आणखी सैल होते. वायरमन ज्याला ‘कार्बन धरला’ म्हणतात तो काळा थर या फेऱ्याच्या बराच पुढे आल्यावर दिसतो. ॲल्युमिनियमच्या वायरीत हे लवकर घडते. तिच्यावर हवेत लगेच वीज न वाहणारा ऑक्साइडचा पातळ थर येतो, आणि स्क्रूखाली ती हळूहळू दबत जाऊन सैल पडते. तांबे आणि ॲल्युमिनियम नुसते पिळून जोडू नयेत. त्यासाठी दोन्ही धातूंना चालणारे कनेक्टर मिळतात.

पाचवी पायरी: शोधायचे कसे

दोन रीती आहेत आणि दोन्ही कराव्यात, कारण एकीला जे दिसते ते दुसरीला दिसत नाही.

पहिली हाताची. जड उपकरण २० ते ३० मिनिटे चालवा. बटण बंद करा, प्लग काढा, लगेच पिनांना आणि प्लगच्या अंगाला हात लावा. कोमट चालेल. बोट ठेववत नसेल तर सॉकेट बदलायला आले आहे. तीनपैकी एकच पिन तापलेली असेल तर दोष नेमका तिच्या पत्तीत किंवा तिच्या स्क्रूत आहे. अर्थिंगच्या मोठ्या पिनेतून एरवी करंट जात नाही, तेव्हा ती गार हवी. याशिवाय सॉकेटभोवती पिवळट-तपकिरी डाग, जळक्या प्लास्टिकचा किंवा खराब मासळीसारखा वास, बटणाजवळ बारीक चरचर, जड उपकरण लावताच त्याच बोर्डावरचा दिवा लुकलुकणे, यातले काहीही दिसले तर तो बोर्ड वापरणे थांबवा.

दुसरी रीत भिंतीआडचे जोड दाखवते. सॉकेटमध्ये खोचायचा, आकडे दाखवणारा छोटा व्होल्टमीटर बाजारात मिळतो. उघड्या वायरीला हात लावायची गरज नसते, म्हणून मी घरगुती वापरासाठी तोच सुचवतो. स्वयंपाकघरातल्या बोर्डावर एका सॉकेटमध्ये तो लावा, शेजारच्या सॉकेटमध्ये १५०० वॅटची किटली. आधी एमसीबी पाडून खात्री करा की दोन्ही सॉकेट एकाच सर्किटवर आहेत. पुन्हा चालू करून किटलीआधीचे आणि किटली चालू असतानाचे व्होल्ट लिहा. लाइनचे व्होल्ट मुळातच हलत असतात, म्हणून हे चार-पाच वेळा करून सरासरी घ्या.

समजा उतार ६ व्होल्टचा आला. आता व्होल्टमीटर डीबीजवळच्या, दुसऱ्या सर्किटवरच्या सॉकेटमध्ये लावा आणि स्वयंपाकघरातली किटली तशीच चालू-बंद करा. तिथे १ व्होल्टचा उतार आला तर तो मीटरपासून आणि खांबापासूनचा, दोघांत सामाईक. उरले ५ व्होल्ट स्वयंपाकघराच्या सर्किटमध्ये. तिथपर्यंत १२ मीटर अडीचची वायर असेल तर रोध ०.१७ ओहम, आणि ६.५ अँपिअरला उतार १.१ व्होल्ट. हा रास्त. मग ३.९ व्होल्ट कुठे गेले? जोडांत. ३.९ × ६.५ म्हणजे २५ वॅट भिंतीआड, एखाद्या जंक्शन बॉक्समध्ये किंवा डीबीच्या स्क्रूखाली जळत आहेत. तीन-चार जोडांत वाटलेले असतील तर कदाचित निभावेल. सगळे एकाच ठिकाणी असतील तर नाही.

किटलीच्या स्वतःच्या प्लगमधला दोष या मापनात येत नाही, कारण व्होल्टमीटर शेजारी बसला आहे. त्यासाठी हाताची रीत.

सहावी पायरी: दुरुस्ती

मेन स्विच बंद, टेस्टरने दोनदा खात्री, आणि हातात सवय नसेल तर परवानाधारक वायरमन. पण त्याने काय करावे हे आपल्याला माहीत हवे.

काळे पडलेले सॉकेट पॉलिश करून परत लावू नये, पत्तीचा ताण गेलेला असतो. वायरीचे काळवंडलेले टोक कापून टाकून स्वच्छ तांबे काढावे. मल्टिस्ट्रँड (अनेक बारीक तारांच्या) वायरीच्या काही तारा स्क्रूत मावत नाहीत म्हणून कापणे हा मोठा गुन्हा आहे: तेवढ्याच जागी छेद कमी होतो आणि तिथेच ताप साठतो. टोकाला योग्य मापाची थिंबल (धातूची टोपी) दाबून बसवावी. स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला सोल्डर लावू नये, कारण सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरतो आणि स्क्रू सैल होतो. फेजचा स्क्रू आवळला की काम झाले असे समजू नये. न्यूट्रलमधूनही तेवढाच करंट जातो, आणि डीबीतली न्यूट्रलची पट्टी बहुतेक वेळा कोणी पाहतच नाही.

गिझर आणि एसीला चारची वायर आणि १६ अँपिअरचे सॉकेट द्या. मोठी पिन छोट्या सॉकेटमध्ये बसवणारे जे कन्व्हर्टर मिळतात ते गिझर-हीटरला अजिबात लावू नका. ६ अँपिअरच्या पत्तीला ८.७ चा भार, वर एक जोड वाढलेला. फ्यूज असलेल्या जुन्या घरांत जाड तार लावायची नाही हे सगळे सांगतात. कारण असे की फ्यूजची तार मुद्दाम जास्त रोधाची ठेवलेली असते, म्हणजे वायरीच्या आधी ती वितळावी.

विहिरीवरची मोटार

शेतातही हाच नियम चालतो, फक्त अंतरे मोठी आणि नुकसान महाग. ट्रान्सफॉर्मरपासून विहिरीपर्यंतच्या लांब तारेत रोध असतो. वीज आली की सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात. सुरू होताना मोटार काही क्षण नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते, म्हणजे तारेत आणि वाइंडिंगमध्ये (मोटारीतल्या तारेच्या वेढ्यांत) २५ ते ३६ पट उष्णता. व्होल्ट कोसळतात. पाण्याचा भार तसाच राहतो, म्हणून तो ओढायला चालू मोटार जास्त करंट घेते. करंट २० टक्क्यांनी वाढला तर वाइंडिंगमधली उष्णता ४४ टक्क्यांनी. मोटार जळते ती अशी. वीज येताच मोटार आपोआप सुरू करणारा ऑटोस्विच काढून टाका असे महावितरण सांगत असते ते याचसाठी. योग्य क्षमतेचा कपॅसिटर मोटारीपाशी लावला तर लाइनमधला करंट कमी होतो आणि व्होल्ट सावरतात. स्टार्टरचे कॉन्टॅक्ट आणि केबलचे जोड हंगामाआधी तपासून घ्यावेत.

चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्याला वीज आणणारी ७५० किलोमीटरहून लांब वाहिनी ±५०० किलोव्होल्टवर चालते, तेही याच वर्गाच्या हिशेबाने. +५०० आणि −५०० मिळून फरक १००० किलोव्होल्टचा, म्हणून १५०० मेगावॉटला करंट फक्त १५०० अँपिअर. व्होल्ट निम्मे ठेवले असते तर करंट दुप्पट आणि त्याच तारेतला तोटा चौपट झाला असता.

दुरुस्तीनंतर

किटली आणि व्होल्टमीटरची चाचणी त्याच दोन सॉकेटवर पुन्हा करा. ६ व्होल्टचा उतार अडीच-तीनवर आला पाहिजे. न आल्यास आणखी एखादा जोड सापडायचा राहिला आहे. नवीन स्क्रूखाली तांब्याच्या तारा काही दिवसांत थोड्या दबतात, म्हणून महिना-दोन महिन्यांनी मेन बंद करून ते स्क्रू एकदा पुन्हा आवळून घ्या. उताराचे आकडे तारखेसह डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच किटलीने तेच माप घेतल्यावर उतार एखाद्या व्होल्टने वाढलेला दिसला, तर सॉकेटवर डाग पडायची वाट न पाहता वायरमनला बोलवा.